पाहणारा आणि पाहुणा

एखादे गाव पाहावयास जाण्यात कोणाचे काही बिघडते, असे आजवर फारसे कोणी मानलेले नाही. लुटावयास जाणे वाईट, जिंकावयास जाणे त्याहून वाईट. परंतु नुसते पाहावयास जाणे हे जगातील अत्यंत निरुपद्रवी कृत्यांपैकी एक समजले जाते. नजरेने वस्तू झिजत नाही आणि पाहणे आटोपल्यावर पाहणारा आपल्या वाटेने निघून जातो. उलट प्रवासाने मन विशाल होते, हा संस्कार आपल्यावर शाळेपासून झालेला आहे. तेव्हा पाहण्याच्या हक्काविषयीच शंका काढणे म्हणजे नसता प्रश्न उकरून काढणे, असे काही वाचकांना वाटेल. इटलीतील व्हेनिस ही जलनगरी आणि तिच्या भोवतालची बेटे यांमध्ये चार दिवस हिंडत असता आम्हांस मात्र हा प्रश्न टाळता आला नाही.

या नगरीची हकिकत थोडक्यात सांगणे जरूर आहे. समुद्र आणि भूमी यांच्यामध्ये उथळ खाऱ्या पाण्याचे एक विस्तीर्ण खाजण आहे. त्यातील शंभराहून अधिक लहान बेटे चारशेहून अधिक पुलांनी सांधून हे शहर उभे राहिले. रस्त्यांचे काम येथे कालवे करतात; चाकाच्या वाहनास वाव नाही. इमारतींच्या पायाखाली चिखलात लाकडी खांब ठोकलेले आहेत आणि तेथे त्यांना हवेचा स्पर्श नसल्यामुळे ते शतकानुशतके कुजत नाहीत. १६३० च्या प्लेगात बोललेला नवस फेडण्याकरिता जे भव्य सालूते चर्च बांधले गेले, त्याच्याखाली असे दहा लाखांहून अधिक खांब असल्याचे सांगतात. हा सारा खटाटोप कोणी हौसेने केलेला नाही. रोमन साम्राज्य ढासळू लागल्यावर उत्तरेकडून ज्या टोळ्या उतरल्या, त्यांच्या भयाने पळालेली माणसे या दलदलीत आश्रयास आली. म्हणजे व्हेनिसचे मूळ पुरुष हे स्वतःच परके होते. ज्याला आज आपण सौंदर्य म्हणतो, ते प्रथम केवळ लपण्याचे ठिकाण होते.

या दूरच्या नगरीशी आपला काहीच संबंध नाही असेही नव्हे. आपल्या आजी-पणजीच्या गळ्यातील पुतळ्यांची माळ पुष्कळांना आठवत असेल. त्यातील 'पुतळी' हे मुळात व्हेनिसचे सोन्याचे नाणे. संत मार्कसमोर गुडघे टेकलेला तेथील राज्यप्रमुख, म्हणजे डोजे, त्या नाण्यावर कोरलेला असे. १२८४ मध्ये सुरू झालेले हे नाणे मिरी-मसाल्यांच्या व्यापाराबरोबर आपल्याकडे आले, आणि त्यावरील मूर्तींमुळे आपण त्याला पुतळी म्हटले. नाणे आले तसे माणसेही आली. निकोलाव मनुची हा व्हेनिसचा मुलगा १६५३ साली, वयाच्या पंधराव्या वर्षाच्या आतबाहेर, घरातून निघाला. दारा शुकोहच्या तोफखान्यात त्याने चाकरी केली. १६६५ मध्ये मिर्झा राजा जयसिंगाच्या छावणीत त्याची शिवाजी महाराजांशी भेट झाली. पुढे वैद्यकी करीत तो दक्षिणेत स्थायिक झाला आणि १७१७ च्या सुमारास येथेच वारला. आयुष्यभर परमुलखात राहून त्याने जे पाहिले ते लिहून काढले, आणि ते लिखाण शेवटी व्हेनिसच्या सेनेटकडे पाठविले. आपल्या वाचकांपैकी जे नोकरीनिमित्त घरापासून शेकडो कोस दूर आहेत, त्यांना हा मनुची अगदीच अनोळखी वाटणार नाही.

आता प्रश्नाकडे वळू. १९५१ मध्ये व्हेनिसच्या जुन्या शहरात सुमारे पावणेदोन लाख माणसे राहत होती. २०२२ मध्ये हा आकडा पन्नास हजारांच्या खाली गेला. रिआल्टो पुलाच्या परिसरातील एका औषधांच्या दुकानाने २००८ पासून आपल्या खिडकीत एक फलक लावला आहे. त्यावर गावात किती रहिवासी उरले, ते दिसते. रोग्याच्या उशाशी ताप मोजण्याचा तक्ता टांगावा, तसा तो फलक वाटतो. २०२३ मध्ये तेथील नागरिकांच्या एका संघटनेने गणती प्रसिद्ध केली, तीत पर्यटकांकरिता असलेल्या खाटांची संख्या रहिवाशांच्या संख्येपेक्षा अधिक झाल्याचे दिसून आले. वर्षाकाठी येणाऱ्यांचा हिशेब कोटींत करावा लागतो, आणि त्यांतील बरेचजण सकाळी येऊन संध्याकाळी परततात. घरे भाड्याने देण्यात अधिक पैसा मिळतो, म्हणून घरे मिळेनाशी होतात. घरे नाहीत म्हणून तरुण कुटुंबे भूमीवरच्या मेस्त्रे उपनगरात जातात. कुटुंबे गेली म्हणजे वाणी, मोची, सुतार यांची दुकाने बसतात, आणि त्या जागी मुखवटे व काचेचे मणी विकावयास येतात. दुकाने गेली म्हणजे उरलेल्यांनाही राहणे कठीण होते. या साखळीत कोणी दुष्ट मनुष्य सापडत नाही, हेच तिच्यातील विलक्षण होय.

नीतिशास्त्राची नेहमीची साधने येथे बोथट होतात, ती यामुळेच. अपराध म्हटला की आपण अपराधी शोधतो. पण सान मार्कोच्या चौकात उभ्या असलेल्या सहस्रावधी माणसांपैकी कोणाचेही नाव घ्या. त्याने कोणाचे काय केले? तो तिकीट काढून आला, जे मागितले ते मोल दिले, चर्चमध्ये आवाज खाली ठेवला, कबुतरांकडे पाहून हसला आणि गेला. त्याच्या एकट्याच्या न येण्याने एकही सुतार परत येणार नाही. हे प्रत्येकाविषयी खरे आहे. आणि तरीही सर्वांच्या येण्याने शहर रिकामे होत आहे, हेही तितकेच खरे आहे. कचेरीत काम करणाऱ्यांना या न्यायाची ओळख करून द्यावयास नको. एका टेबलावर कागद दोन दिवस थांबला तर कोणी त्यास दोष म्हणत नाही. असा कागद वीस टेबलांवरून फिरला म्हणजे एखाद्या विधवेच्या पेन्शनीस सव्वा महिना उशीर होतो, आणि जबाबदार कोण, असे विचारता वीसही जण खऱ्या मनाने सांगतात, ‘आम्ही नाही.’

यावर शासनाने जो उपाय काढला, तो उद्बोधक आहे. २५ एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठराविक दिवशी, एका दिवसापुरत्या येणाऱ्या पाहुण्यावर पाच युरोंचा प्रवेशकर बसविण्यात आला. त्या वर्षी असे एकोणतीस दिवस होते. २०२५ मध्ये ते चोपन्न झाले, आणि आयत्या वेळी येणाऱ्यास दहा युरो पडू लागले. आधी दिवस कळवून नोंदणी करावयाची, असा नियम. आपल्याकडे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नसते तो अतिथी, अशी त्या शब्दाची फोड करतात. व्हेनिसने अतिथीला तिथी विचारली! हे वाचून प्रथम हसू येते. पण थोडा विचार केला म्हणजे हसू ओसरते. अतिथीची कल्पना ज्या काळात रुजली त्या काळी दारी येणारा एकटा असे, थकलेला असे, आणि यजमानापेक्षा दुबळा असे. म्हणून धर्माने सारा भार यजमानावर टाकला. शतपथ ब्राह्मणात देव, ऋषी आणि पितर यांच्या ऋणांबरोबर मनुष्यांचेही एक ऋण सांगितले आहे, आणि ते आल्यागेल्याला अन्न व आसरा देऊन फेडावयाचे आहे. पाहुण्यावर यजमानाचे ऋण किती, याचा ऊहापोह त्या मानाने फारच थोडा. कारण त्याची गरजच नव्हती. आज पाहुणा संख्येने प्रबळ आणि पैशाने समर्थ झाला आहे. दुबळा झाला आहे तो यजमान. पारडे फिरले असताना धर्माचे वजन जुन्याच बाजूस ठेवणे न्यायाचे होणार नाही.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो बळकट आहे. व्हेनिस हे पूर्वीपासून पाहुण्यांवरच जगले नाही काय? चौदाव्या-पंधराव्या शतकांत जेरुसलेमच्या यात्रेकरूंना जहाजे पुरविणे हा या गावाचा मोठा धंदा होता. जर्मन व्यापाऱ्यांसाठी कालव्याच्या काठी स्वतंत्र वखार होती, तुर्कांसाठी १६२१ पासून दुसरी होती. हे स्वागत निर्मळ होते असेही नाही: १५१६ मध्ये ज्यू लोकांना ज्या एका बेटावर कोंडून रात्री दरवाजे बंद करण्यात येऊ लागले, त्या जागेच्या नावावरूनच 'घेट्टो' हा शब्द जगाने घेतला. आणि ज्या सौंदर्याचा एवढा अभिमान, तेही सारे घरचे कोठे आहे? सान मार्कोच्या दारावरचे ते प्रसिद्ध चार घोडे १२०४ च्या लुटीत कॉन्स्टँटिनोपलहून आणलेले. मग परक्याच्या येण्याने आपले गाव गेले, असे म्हणावयाचा अधिकार या नगरीस आहे काय? शिवाय आपली वडिलोपार्जित घरे भाड्याने देणारे हात रहिवाशांचेच आहेत.

या आक्षेपातील वस्तुस्थिती मान्य केली, तरी निष्कर्ष मान्य करता येत नाही. पूर्वजांनी लूट केली म्हणून आजच्या विणकरणीचे घर गेले तरी चालेल, असे होत नाही. आणि पूर्वीचा परका व आजचा पाहणारा यांत एक भेद आहे. व्यापारी, यात्रेकरू, निर्वासित, विद्यार्थी या सर्वांना त्या गावाकडून काही हवे होते, आणि गावालाही त्यांच्याकडून काही हवे होते. त्यामुळे दोघांना परस्परांशी बोलावे लागे. आज आपल्याला गावाकडून केवळ त्याचे दर्शन हवे असते, आणि दर्शनाला भाषा लागत नाही. ज्याच्याशी आपण बोललो नाही, त्याचे आपण काय बिघडविले हे कळावयास मार्ग उरत नाही.

आजूबाजूची बेटे हिंडताना हा भेद अधिक स्पष्ट झाला. मुरानो हे काचकामाचे बेट. भट्ट्यांच्या आगीचे भय म्हणून १२९१ मध्ये सारे काचकारागीर शहरातून उठवून येथे आणले गेले. त्यांना मान मोठा, पण आपले कसब घेऊन राज्याबाहेर जाण्यास बंदी. बुरानो हे कोळ्यांचे बेट. घरे रंगीबेरंगी, आणि बायका सुईने लेस विणणाऱ्या. तिच्या एका प्रकारास ‘हवेतला टाका’ असे सार्थ नाव आहे, कारण खाली कापडाचा आधारच नसतो. एकाच नक्षीवर अनेक बायकांचे हात फिरत. एक बाई एकच टाका जाणे. १८७२ मध्ये या कलेची शाळा निघाली, १९७० मध्ये ती बंद पडली, आणि आता तेथे संग्रहालय आहे. जी वस्तू करावयास महिने लागतात, तिचे मोल देणारा गिऱ्हाईक अर्ध्या तासाच्या मुक्कामात भेटत नाही. म्हणून दुकानांत यंत्राची लेस टांगलेली असते, आणि घेणारा बुरानोची आठवण म्हणून ती घरी नेतो.

पलीकडे तोर्चेल्लो. व्हेनिसहून जुने, तेथील चर्चची स्थापना ६३९ सालची. एके काळी भरभराटलेले हे गाव खाजण गाळाने भरत गेल्यामुळे आणि हिवतापामुळे ओस पडले. त्याच्या इमारतींचे दगडही लोकांनी दुसरीकडे नेले. आज वस्ती अगदी मोजकी. त्या चर्चच्या एका भिंतीवर अखेरच्या न्यायदिनाचे प्रचंड मोझेक आहे, आणि समोरच्या कमानीत सोनेरी पार्श्वभूमीवर मेरीमाता एकटी उभी आहे. कोणीही मनुष्य स्तब्ध होईल असे ते दृश्य आहे. पण बाहेर आल्यावर आमच्या मनात आले: हे गाव पाहण्याजोगे आहे, राहण्याजोगे राहिले नाही, व्हेनिसची वाटचाल याच दिशेने असेल, तर आपण जे पाहतो आहोत ते शहर आहे की त्याचे उत्तरकार्य?

मृतांचे बेटही निराळे आहे. सान मिकेले येथे जागेच्या टंचाईमुळे सामान्य रहिवाशाचे दफन काही वर्षांच्या मुदतीचे असते. मुदत संपली की अस्थी हलवितात. त्याच बेटावर स्ट्राव्हिन्स्की, एझ्रा पाउंड आणि दियागिलेव्ह या परदेशी पाहुण्यांची थडगी आहेत, आणि त्यांवर आजही फुले वाहिली जातात.

या सर्वांत मनाला दिलासा दिला तो सान लाझ्झारो या चिमुकल्या बेटाने. पूर्वी येथे महारोग्यांना ठेवीत. १७१५ मध्ये तुर्कांनी ग्रीसचा मोरिया प्रांत घेतला तेव्हा तेथून मेखितार नावाचा आर्मेनियन साधू आपल्या शिष्यांसह निघाला, आणि १७१७ मध्ये व्हेनिसने हे पडके बेट त्याला दिले. त्या मंडळींनी तेथे मठ बांधला, बाग लावली, ग्रंथालय केले, आपल्या भाषेचा मोठा कोश तयार केला आणि १७८९ मध्ये छापखाना काढला. स्वदेशात जी भाषा संकटात होती, ती या परक्या पाण्यात सांभाळली गेली. १८१६ मध्ये कवी बायरन तेथे आर्मेनियन शिकावयास जात असे. १८१० मध्ये नेपोलियनच्या राजवटीत मठ बंद होऊ लागले, तेव्हा विद्यासंस्था म्हणून हा मठ वाचला. हे साधू पाहुणेच होते. तीनशे वर्षे झाली तरी आर्मेनियनच राहिले. परंतु त्यांच्या राहण्याने बेट वाढले, ओसाड झाले नाही. तेव्हा परकेपणा हा दोष नव्हे, एवढे निश्चित होते.

मग एक दिवसाचा पाहुणा दोषी आणि मुक्काम करणारा निर्दोष, असे म्हणावे काय? आपल्याकडची म्हण उलट सांगते: पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. व्हेनिसमध्ये पहिल्याच दिवशी जाणारा अधिक जड होतो, कारण तो जागा सर्वांइतकीच व्यापतो आणि गावात मिसळत मात्र नाही. तथापि येथे न्यायाची दुसरी बाजू विसरता कामा नये. आठवडाभर राहणे ज्याला परवडते तो श्रीमंत असतो. आयुष्यभर काटकसर करून निवृत्तीनंतर एकदाच युरोप पाहावयास निघालेल्या आपल्याकडील कारकुनास व्हेनिसची एक दुपार मिळते. त्याला आम्ही कोणत्या तोंडाने सांगावे की तू येऊ नकोस? आणि पाच युरोंनी अडतो तो तोच. श्रीमंतास तो कर जाणवतही नाही. पैशाने दार लहान केले, तर सौंदर्य पुन्हा सरदारांच्या दिवाणखान्यात जाऊन बसेल.

या पेचातून वाट दाखविणारे उदाहरण व्हेनिसच्या पाण्यातच आहे, असे आम्हांस वाटते. या लोकांनी खाजण राखले ते कसे? नद्यांचा गाळ येऊ दिला असता तर खाजण भरून शेत झाले असते. म्हणून ब्रेंता, पियावे, सीले या नद्यांची मुखे त्यांनी शतकानुशतके खपून वळविली. समुद्रास मोकळे सोडले असते तर त्याने बेटे खाल्ली असती. म्हणून अठराव्या शतकात दगडी बांध घातले. तरीही समुद्राची मुखे त्यांनी बुजविली नाहीत, कारण भरती-ओहोटीवाचून खाजण मरते. ४ नोव्हेंबर १९६६ रोजी पाणी १९४ सेंटिमीटर चढले, १२ नोव्हेंबर २०१९ रोजी १८७. आता तीन मुखांशी अठ्ठ्याहत्तर दरवाजे बसविले आहेत. ३ ऑक्टोबर २०२० रोजी मोठ्या भरतीच्या वेळी ते प्रथम उचलले गेले आणि शहर कोरडे राहिले. पण ते सदैव उचलून ठेवता येत नाहीत. पाण्याशी जो व्यवहार, तोच माणसांच्या भरतीशी करावा लागेल: दार बंद नाही, दार सताड उघडेही नाही. आणि मर्यादा घालावयाची ती पैशाने घालू नये, पाळीने घालावी. म्हणजे कारकून आणि सावकार एकाच रांगेत उभे राहतील.

एवढे शासनाचे काम झाले. पाहणाऱ्याचे काम निराळे आहे, आणि ते कोणत्याही कराने फिटत नाही. मोल दिल्याने व्यवहार पुरा होतो, ऋण पुरे होत नाही. पाहणाऱ्याने स्वतःस एकटा समजू नये. आपल्यासारखे हजार जण याच घटकेस हेच करीत आहेत, असे धरून वागावे. ज्या गल्लीत वाळत घातलेले कपडे दिसतात तेथे कोणाचा तरी संसार आहे, हे ओळखून पाऊल टाकावे. 'पाहुणा' हा शब्द 'पाहणे' या धातूपासून आलेला नाही, हे आम्ही जाणतो. पण दोन शब्दांच्या सारखेपणाने आपली फसगत मात्र होते, आणि पाहिले म्हणजे पाहुणचार पुरा झाला, असे आपण समजतो.

हे सारे व्हेनिसपुरतेच आहे काय? बदलीचा हुकूम हातात घेऊन आपण ज्या गावी जातो, तेथे आपणही तीन वर्षांचे पाहणारेच असतो. त्या गावाचे पाणी पितो, त्याच्या उन्हाळ्याला नावे ठेवतो, आपल्या मंडळाचा गणेशोत्सव थाटात करतो, आणि सामान बांधताना शेजाऱ्याच्या मुलांची नावे आपल्याला सांगता येत नाहीत. याच्या उलट, काशीस विश्वेश्वराचे देऊळ १७८० मध्ये पुन्हा बांधून देणाऱ्या अहिल्याबाईंचे राज्य माळव्यात होते. काशीकरांकडून त्यांना काही येणे नव्हते. सर्वांनाच देऊळ बांधता येत नाही. पण त्या गावाची भाषा चार वाक्ये शिकणे, त्याच्या नदीचा इतिहास ठाऊक असणे, जाताना एखादे झाड वाढवून जाणे, हे एका तालुक्याच्या अधिकाऱ्यासही जमण्याजोगे आहे.

आणि शेवटी एक कठीण गोष्ट सांगावयाची राहते. पाळी लावली म्हणजे काहींची पाळी येणारच नाही. ज्याचे एखाद्या स्थळावर खरे प्रेम आहे, त्याला कधी काळी असेही म्हणावे लागेल की, ‘ते तेथे आहे, तेथे माणसे राहत आहेत, एवढे मला पुरे, मी पाहिले नाही तरी चालेल.’ हे म्हणणे सोपे नाही. आम्ही स्वतः ते पाहून आल्यावर लिहीत आहोत, म्हणून दुसऱ्यास तसा उपदेश करण्याचा अधिकार आम्हांस थोडाच आहे. परंतु हा प्रश्न आता प्रत्येक सुंदर गावाच्या वेशीवर उभा आहे, आणि प्रवासाचे सामान बांधण्यापूर्वी ज्याने त्याने त्याचे उत्तर आपल्याशी द्यावयाचे आहे.